याच रेडिओवर गीतरामायण ऐकलं?

बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या घरात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असेल, तर त्याच्याबरोबर एक वाक्यही असतं : "याच रेडिओवर आमच्या आजोबांनी गीतरामायण ऐकलं." गदिमांचं आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झालं. पुढे वर्षभर ५६ गाणी झाली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ती ऐकायला बसत. म्हणजे घरच्यांच्या त्या साध्या वाक्यात एक तारीख दडलेली आहे. रेडिओ १९५५-५६ मध्ये त्या घरात असायला हवा, आणि चालू असायला हवा.

वाक्य खरं की खोटं, हे रेडिओलाच विचारता येतं. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं की आत चासी, व्हॉल्व्ह, कंडेन्सर, रेझिस्टन्स, गँग, ट्रान्सफॉर्मर असा सगळा संसार दिसतो. त्यातला कोणता भाग कारखान्यातून आलेला, कोणता एखाद्या मेकॅनिकनं नंतर बसवलेला, हे ओळखणं ही जुना रेडिओ दुरुस्त करण्यातली पहिली पायरी. पुष्कळजण ती ओलांडून थेट पॉलिश मारायला घेतात आणि तिथेच चुकतात. चकचकीत कॅबिनेट म्हणजे 'ओरिजनल' रेडिओ नव्हे.

आधी गावाला विचारा

रेडिओ उघडण्याआधी एक प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावा : गावात लाइट कधी आली? वीज मंडळ स्थापन झालं १९६० साली. वाड्या-वस्त्यांवर खांब पोहोचायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. वालचंदनगरच्या कारखान्याच्या वसाहतीची गोष्ट वेगळी आणि इंदापूरच्या जिरायत पट्ट्यातल्या वाडीची वेगळी. ज्या गावात १९५५ साली लाइट नव्हती, तिथे लाइटवर चालणारा रेडिओ गीतरामायण ऐकवूच शकत नाही.

मग तिथे रेडिओ चालत नव्हते का? चालत होते, पण बॅटरीवर. त्यासाठी खास कोरड्या बॅटरीचे पॅक मिळत. व्हॉल्व्हची तार तापवायला दीड व्होल्ट आणि मुख्य काम करायला ९० व्होल्ट. काही सेट मोटारीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालत. त्यात व्हायब्रेटर नावाची सतत थरथरणारी डबी असे. बॅटरीचा एकसारखा प्रवाह ती तोडत-जोडत राहायची, म्हणजे मग तो ट्रान्सफॉर्मरने वाढवता यायचा. ग्रामीण भागात रेडिओचं महत्त्व सरकारनेही तेव्हाच ओळखलं होतं. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्कोने पुण्यासह पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोत्यांची मंडळं बनवून प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, मग चर्चा करायची. जगभर हा प्रयोग 'पुण्याचा प्रयोग' म्हणूनच ओळखला गेला.

सेट कोणत्या जातीचा, हे कंपनीनेच लिहून ठेवलेलं असतं. फिलिप्सच्या मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षर पाहा. 'ए' असेल तर एसी लाइटचा, 'यू' असेल तर एसी-डीसी दोन्हींवर चालणारा, 'बी' असेल तर बॅटरीचा. मागच्या झाकणावर किंवा चासीवरच्या पट्टीवर हा नंबर असतो. झाकण दुसऱ्याच सेटचं नाही ना, एवढं मात्र आधी बघावं. झाकणाची छिद्रं आणि कॅबिनेटचे स्क्रू जुळत नसतील तर झाकण उसनं आहे.

व्हॉल्व्हची बाराखडी

व्हॉल्व्हवरचं नाव अनेकांना मंत्रासारखं वाटतं : ईसीएच-८१, ईएल-८४, डीके-९६. प्रत्यक्षात ती सोपी बाराखडी आहे. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर तार किती विजेवर तापते ते सांगतं. 'डी' म्हणजे १.४ व्होल्ट किंवा त्याहून कमी, अर्थात बॅटरी सेट. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, बहुधा ट्रान्सफॉर्मरचा एसी सेट. 'यू' म्हणजे सगळ्या तारा एकामागोमाग एक माळेत जोडलेल्या, शंभर मिलिअँपिअरवर चालणाऱ्या. हा एसी-डीसी सेट. पुढची अक्षरं व्हॉल्व्हचं काम सांगतात. 'एल' म्हणजे स्पीकरला जोर देणारा आऊटपुट पेंटोड, 'एफ' साधा पेंटोड, 'सी' ट्रायोड, 'एम' म्हणजे स्टेशन नीट लागलं की मिटत जाणारा हिरवा डोळा, 'वाय' आणि 'झेड' म्हणजे रेक्टिफायर.

आपल्या कामाचा आहे तो पहिला आकडा. तो सॉकेटची जात सांगतो. ३ म्हणजे आठ जाड पायांचं ऑक्टल, ४ म्हणजे रिमलॉक, ८ म्हणजे नऊ बारीक पायांचं नोव्हल, ९ म्हणजे सात पायांचं छोटं. नोव्हल व्हॉल्व्ह १९५० च्या सुमारास आले. तेव्हा समजा तुमच्या सेटमध्ये ईसीएच-४२, ईएएफ-४२ असे रिमलॉक व्हॉल्व्ह आहेत, पण आऊटपुटच्या जागी ईएल-८४ बसलेला आहे. इथे थांबायचं. एकाच चासीवर तीन रिमलॉक आणि एकटाच नोव्हल ही जोडणी कारखान्यात होणं अवघड. टॉर्च मारून सॉकेट पाहा. बाकीची सॉकेटं रिव्हेटने ठोकलेली असतील आणि हे एकटं नट-बोल्टने आवळलेलं असेल, तर गोष्ट स्पष्ट आहे. मूळचा ईएल-४१ गेला, बाजारात मिळेना, म्हणून मेकॅनिकनं सॉकेटसकट ईएल-८४ बसवला.

अमेरिकी नावांची रीत वेगळी. ६व्ही६, ६एक्स५, ५वाय३ यांतला पहिला आकडा साधारण तारेचे व्होल्ट सांगतो. रीत कोणतीही असली तरी नियम एकच : सॉकेट बदलणं कष्टाचं असतं, व्हॉल्व्ह बदलणं सोपं. म्हणून वय ठरवताना व्हॉल्व्हपेक्षा सॉकेटवर जास्त विश्वास ठेवावा.

काचेवरची तारीख

बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी १९५४ ची. तिथे रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले १९६१ साली. त्यामुळे काचेवर 'बीईएल' छापलेला व्हॉल्व्ह १९६१ च्या आधी कोणत्याही रेडिओत असू शकत नाही. आता यातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे नीट समजून घ्यावं. पाचातला एक व्हॉल्व्ह बीईएलचा असेल तर एवढंच कळतं, की तो एक १९६१ नंतर बदलला. सेट जुनाच असू शकतो. पाचही बीईएलचे, सॉकेटं सगळी नोव्हल, रिव्हेट जागच्या जागी, तर मात्र आजोबांची गीतरामायणाची गोष्ट अडचणीत येते.

मुलार्ड आणि फिलिप्सच्या व्हॉल्व्हवर, काचेच्या बुडाशी, नखाएवढ्या राखाडी अक्षरांत एक कोड असतो. पुसट असतो; चुकून फडक्याने जोरात पुसलात तर जातोही. तिरपा उजेड टाकून, तोंडाची वाफ सोडून तो वाचतात. पन्नाशीच्या मध्यापासून रुळलेल्या पद्धतीत खालच्या ओळीत चार खुणा असतात. 'बी ७ डी २' असं असेल तर 'बी' म्हणजे इंग्लंडमधला ब्लॅकबर्नचा कारखाना, ७ हा वर्षाचा शेवटचा आकडा, 'डी' म्हणजे चौथा महिना एप्रिल आणि २ म्हणजे दुसरा आठवडा. अक्षराच्या जागी छोटा त्रिकोण असेल तर व्हॉल्व्ह हॉलंडमधल्या हेर्लेनचा. गोम अशी, की ७ म्हणजे १९५७ की १९६७, हे कोड सांगत नाही. ते बाकीच्या पुराव्यावरून ठरवायचं.

रेडिओ कुठे बनला, हेही तारखेकडे नेतं. मर्फीचा कारखाना ठाण्याला, नॅशनल-एको मुंबईचा, तर फिलिप्सने १९४८ साली कलकत्त्यात रेडिओ बनवायला सुरुवात केली आणि १९५९ साली पुण्याजवळ दुसरा कारखाना काढला. लोणी काळभोरची 'फिलिप्स कंपनी' सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या इंदापूरकरांना चांगलीच ओळखीची होती. याच रस्त्याने पुढे जाऊन पाटसला बारामतीकडे वळायचं. म्हणजे आपल्याकडच्या काही रेडिओंनी कारखान्यापासून घरापर्यंत केलेला प्रवास एका एसटीच्या तिकिटाएवढा आहे. पण पुण्यात बनलेला सेट १९५९ नंतरचाच असणार. त्यावर गीतरामायण ऐकलं असेल तर ते पुनःप्रक्षेपण.

चासी उलटी केल्यावर

वरून रेडिओ खोटं बोलू शकतो, खालून क्वचितच. वरचे भाग दिसतात म्हणून ते लोक बदलतात, रंगवतात. चासीच्या पोटात कोण बघणार?

पहिली खूण म्हणजे सोल्डरचा डाग. कारखान्यात वायर आधी टॅगच्या भोकातून घालून आकडीसारखी वळवत आणि मग डाग देत. असा डाग लहान, पसरट, एकसारखा असतो. दुरुस्तीचा डाग बहुधा जुन्या तारेच्या ठुठावर वरून ठेवलेला, गोळ्यासारखा असतो. जवळ राळ काळी पडलेली दिसते. दुसरी खूण धुळीची. साठ वर्षं एका जागी बसलेल्या कंडेन्सरखाली चासी स्वच्छ राहते आणि कडेने धुळीची, मेणाची रेघ उमटते. ठसा मोठा आणि वर बसलेला कंडेन्सर छोटा असेल, तर मूळचा माणूस घर सोडून गेला आहे. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे गंज कोकणापेक्षा कमी, धूळ मात्र भरपूर. म्हणून हे ठसे चांगले टिकतात. ब्लोअर मारण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर पुरावा दोन सेकंदांत अंगणात उडून जाईल.

तिसरी खूण रेझिस्टन्सची. जुन्या रेझिस्टन्सवर पट्टे नसत. अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा रंग दुसरा आणि मधला ठिपका शून्यांची संख्या सांगे. हिरवं अंग, काळं टोक, केशरी ठिपका म्हणजे पाच, शून्य आणि पुढे तीन शून्यं : ५० हजार ओम. पुढे पन्नाशीत ठरावीक प्रमाण-आकड्यांची पद्धत रुळली आणि ५० हजाराची जागा ४७ हजाराने घेतली. तो पिवळा, जांभळा, केशरी अशा पट्ट्यांचा. म्हणून चाळीशीतल्या सेटमध्ये ५० हजार, अडीच लाख असे गोल आकडे जागचे वाटतात आणि ४७ हजार पाहुणा. एखादा पाहुणा असतोच. सगळेच पाहुणे असतील तर चासी कुणीतरी पूर्ण नव्याने भरलेली आहे.

चौथी खूण मेणाची. आयएफटीच्या (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरच्या) डब्यांतले आणि ट्रिमरचे स्क्रू कारखान्यात जुळवून झाले की त्यांवर मेणाचा किंवा रंगाचा थेंब टाकत. थेंब शाबूत असेल तर त्या जागेला कुणी हात लावलेला नाही. थेंब फुटलेला आणि स्क्रूची खाच कुरतडलेली असेल, तर कुणीतरी पेचकस घालून 'स्टेशन वाढवायचा' प्रयत्न केलेला आहे. वायरचंही असंच. कापडाच्या किंवा रबरी वेष्टनाची तार जुनी, गुळगुळीत प्लास्टिकची नंतरची असण्याचा संभव जास्त. स्पीकरकडे दोनाऐवजी तीन-चार तारा जात असतील आणि चुंबकाच्या जागी तारेचं मोठं वेटोळं असेल, तर तो फील्ड कॉइलचा स्पीकर. तो काढून साधा चुंबकाचा बसवला असेल तर जवळपास एखादा जाडजूड रेझिस्टन्स किंवा चोक उपरा दिसेल.

डायल चूक नाही, काळ बदलला

काहीजण तक्रार करतात, की काटा डायलवरच्या नावावर आणला तरी ते स्टेशन लागत नाही, म्हणजे डायल दुसऱ्या सेटची असावी. घाई करू नका. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडच्या मध्यम लहरींची वाटणी नव्या आंतरराष्ट्रीय करारानुसार झाली. स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवली गेली. पुण्याचा ७९२ आणि मुंबईचा १०४४ हे आकडे ९ ने भागून पाहा. त्याआधीच्या डायलवर ही नावं थोडी इकडेतिकडे असणं हीच तिच्या अस्सलपणाची खूण आहे. डायलवर 'किलोसायकल' लिहिलं असेल तर तेही जुनेपण. 'किलोहर्ट्झ' हा शब्द साठोत्तरी काळात रुळला. शॉर्ट वेव्हच्या २५, ३१, ४१ मीटरच्या पट्ट्यांशी काच जास्त घासलेली किंवा नॉब त्या बाजूला जास्त झिजलेला असेल, तर त्या घरात रेडिओ सिलोन जोरात चालत होतं असं खुशाल समजावं.

डायलची अक्षरं काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली असतात. ओल्या फडक्याने पुसली की 'कोलंबो' पाण्याबरोबर वाहून जातं, आणि मग ते कुठेही मिळत नाही. पुढची बाजू पुसा, मागची कोरड्या मऊ ब्रशने झटका. नॉब चारही सारखे आहेत का, त्यांच्या आतला स्क्रू किंवा स्प्रिंग एकाच जातीची आहे का, तेही पाहावं. चपट्या खाचेच्या स्क्रूंमध्ये एखादा फुलीच्या खाचेचा 'फिलिप्स' स्क्रू दिसला, तर तो फिलिप्स कंपनीचा म्हणून खूश होऊ नका. स्क्रूवाला फिलिप्स हा हेन्री फिलिप्स नावाचा अमेरिकी माणूस, त्याचा रेडिओच्या कंपनीशी काही संबंध नाही. जुन्या सेटमध्ये असा स्क्रू दिसला की तो बहुधा नंतरच्या हाताचा.

काय ठेवायचं, काय काढायचं

आता मुद्द्याचा प्रश्न. सगळं अस्सल तेच ठेवायचं का? नाही. मेणकागदाचे जुने कंडेन्सर गळतात. त्यातला आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला एक गळका राहिला, तर व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि मागोमाग आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. एक पाच रुपयांचा कंडेन्सर न बदलल्याने न मिळणारा ट्रान्सफॉर्मर जातो. इथे अस्सलपणाची भीड धरू नये. जाणकार जुन्या कंडेन्सरचं कवच पोकळ करून त्यात नवा कंडेन्सर बसवतात. रूप जुनं, पोट नवं. कुजलेली मेन कॉर्डही बदलावीच. एसी-डीसी सेटची चासी थेट लाइनला जोडलेली असू शकते. तिला हात लागला तर जिवावर बेतेल. नॉबच्या स्क्रूवर मेण भरलेलं असतं ते यासाठीच, ते उकरू नये. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगमध्ये घालू नये. सिरीजमध्ये साठ-शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून पाहावा. बल्ब भकभकून पेटला तर लगेच बंद करावा. आणि मागे व्होल्टेजचा टॅप असेल तर तो सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवावा.

आपल्या भागातला खास पेच वेगळाच आहे. गावात लाइट आल्यावर अनेक बॅटरी सेट लाइटवर आणले गेले. आत बॅटरीऐवजी लाइटवरून वीज पुरवणारा एलिमिनेटर बसवला, चासीला नवी भोकं पाडली. काटेकोर माणूस म्हणेल, हे सगळं उपरं, काढून टाका. मला ते पटत नाही. पुण्याला जाऊन माल आणायचा तर अख्खा दिवस मोडायचा, अशा काळात एका स्थानिक मेकॅनिकनं डोकं चालवून केलेलं ते काम आहे. गावात वीज आली याचा तो घरातला पुरावा आहे. सुरक्षित असेल तर राहू द्यावा. काढायचाच असेल तर फोटो काढून, पिशवीत घालून रेडिओबरोबर ठेवावा. बॅटरीच्या 'डी' व्हॉल्व्हना ६ व्होल्ट देऊन पाहण्याचा उद्योग मात्र करू नये. तार क्षणात जाते.

याउलट, कॅबिनेट रिकामं करून आत ब्लूटूथचा डबा बसवणं म्हणजे रेडिओचा खून. पुण्याच्या जुन्या बाजारात अशी पोटं काढलेली कॅबिनेटं दिसतात. बारामतीत आज वसुंधरा वाहिनी आणि शारदा कृषी वाहिनी अशी सामुदायिक एफएम केंद्रं आहेत. एफएमचा पट्टा नसलेल्या जुन्या सेटवर ती लागत नाहीत, हे खरं. पण अनेक सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायला 'पिक-अप'ची दोन छिद्रं असतात. ट्रान्सफॉर्मरच्या एसी सेटमध्ये, जाणकाराकडून जोडणी करून घेतली, तर मोबाइलचा आवाज तिथून देता येतो आणि एकही अस्सल भाग हलवावा लागत नाही. एसी-डीसी सेटला हे करू नका.

मग आजोबांच्या वाक्याचं काय? समजा, सेट रिमलॉकचा निघाला, मॉडेलचं अक्षर 'ए' निघालं आणि गावात लाइट १९६५ नंतर आली. म्हणजे रेडिओ त्या काळचा खरा, पण तेव्हा तो लाइट असलेल्या गावी, दुसऱ्या कुणाच्या घरी होता. आजोबांनी गीतरामायण ऐकलं असेल, कदाचित तिथेच जाऊन ऐकलं असेल. ट्रंकेत पोस्टाच्या शिक्क्यांचं रेडिओ परवान्याचं पुस्तक सापडलं तर उत्तर पक्कं होईल. ऐंशीच्या दशकात परवाने रद्द झाले आणि ही पुस्तकं रद्दीत गेली, म्हणून एखादं सापडलं तर ते व्हॉल्व्हइतकंच जपा.

रेडिओ दुरुस्त झाला की शेवटचं एक काम करा. कोणते भाग मूळचे, कोणते बदलले, कधी, कुणी आणि का, हे एका कागदावर मराठीत लिहा आणि मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला अडकवा. कागद ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्हपासून लांब ठेवा; ते तापतात.